मन्मथअप्पांची पेटीतली चूल

मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं त्याच्या नव्या बंगल्याच्या मागच्या अंगणात एक स्वयंपाकघर उभं केलं. सुटे भाग खोक्यांतून आले होते. त्यानं चादर अंथरून त्यावर स्क्रू मांडले, मोबाइलमध्ये बघत बघत जोडणी केली आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "मावशी, असलं कधी पाहिलं होतंस का?" मी म्हटलं, "वालूरला पाहिलंय. तुझ्या जन्माच्या आधी." त्यानं बायकोकडे बघितलं. म्हातारीचं काहीतरी चळलं, असं दोघांनाही वाटलं असावं. मीही पुढे काही बोलले नाही, कारण मन्मथअप्पा हा माणूस चहा पिता पिता सांगून होण्यासारखा नव्हता.

मी धक्के सोसणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. भांडं पडलं तरी मी दचकते. अशा बाईची प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमणूक झाली परभणी जिल्ह्यातल्या वालूरला, आणि भाड्याची खोली मिळाली ती नेमकी मन्मथअप्पांच्या घरात. पहिल्याच आठवड्यात शाळेतून परत आले तर माझ्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, दार नव्हतं. माझी ट्रंक, अंथरूण, दोरीवरचे कपडे, सगळा संसार रस्त्यावरून दिसत होता. दार ओसरीवर आडवं पडलेलं आणि अप्पा त्याच्या बिजागऱ्यांना तेल पाजत बसलेले.

"बाई, लय कुरकुरायलं होतं," ते म्हणाले.

"अहो पण अप्पा, मला विचारायचं तरी!"

"तुमाला काय इचारायचं? कुरकुरायलं ते दार. त्यालाच इचारलं."

उंच, सावळा, हाडापेराचा माणूस. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगायतांचं चांदीच्या करंड्यातलं लिंग, आणि सदऱ्याच्या खिशात नट आवळायचा पाना. लिंग आणि पाना, दोन्हींपैकी एकही वस्तू अंगावर नाही असे अप्पा मी कधी पाहिले नाहीत. लोखंडी सामानाचं त्यांचं दुकान होतं. खिळे, साखळ्या, कुदळी, विळे, दोरखंड. घरातली वस्तू न् वस्तू त्यांनी नटबोल्टवर आणून ठेवली होती. पलंग सुटायचा, पाळणा सुटायचा, माझ्या खोलीतलं मेजसुद्धा सुटायचं. एकदा मी वह्या तपासताना ते माझ्या पायावर सुटलं. अप्पा धावत आले, माझ्या पायाकडे बघितलं नाही, मेजाकडे बघितलं. "आटे गेलेत," असं म्हणून नवा बोल्ट आणायला गेले.

त्यांचं एक बोलणं गावात सगळ्यांना पाठ होतं. "घट्ट केलेलं कधीतरी सैल करता आलं पायजे. न्हाईतर ते धरीत न्हाई, गंजतं." पण असं म्हणणारा हा माणूस रीतीभातीचे बोल्ट मात्र असे आवळून ठेवायचा की विचारू नका. तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. सोमवार मोडायचा नाही. भावजयीनं समोर यायचं नाही. "दस्तूर हाय," एवढं म्हटलं की विषय संपला.

ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. आसपासच्या गावांत दलितांची घरं जाळली गेली होती आणि दुकानाच्या कट्ट्यावर त्याची फुशारकी मारणारं कुणी ना कुणी येऊन बसायचं. अशाच एकाला अप्पा वजन करता करता म्हणाले, "घर जाळायला एक काडी पुरती बाबा. मांडायला किती नटबोल्ट लागत्यात ते ठावं हाय का तुला? ऊठ, माझ्या कट्ट्यावरून ऊठ." तो आणि त्याचे सोयरे मग कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. मी त्या वेळी खिळे घ्यायला उभी होते. अप्पांनी शांतपणे माझे खिळे पुडीत बांधून दिले.

तर, एका हिवाळ्यात अप्पा दुकानाचा माल आणायला हैदराबादला गेले. तिथल्या प्रदर्शनात, म्हणजे आमच्याकडची जुनी माणसं जिला नुमाईश म्हणतात तिथे, त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. आणि काही दिवसांनी सेलू स्टेशनवरून बैलगाडीत दोन मोठ्या लाकडी पेट्या आल्या. अप्पांची धाकटी भावजय गिरिजाबाई, जी त्या घराचा सगळा स्वयंपाक करायची, तिला वाटलं शिलाई मशीन असेल. निघालं काय, तर लोखंडी खांब, पत्रे, कडप्प्याची फरशी, जाड पत्र्याची चूल, धुराड्याच्या नळीचे तुकडे आणि गोणपाटाच्या पिशवीत किलोभर नटबोल्ट. उघड्यावर मांडायचं अख्खं स्वयंपाकघर. सोबत कसं जोडायचं त्याच्या चित्रांचा कागदही होता. अप्पांनी तो नीट चार घड्या करून डगमगणाऱ्या खांबाखाली घातला.

दोन-तीन दिवस गल्लीला दुसरा उद्योग नव्हता. दुकान बंद ठेवून अप्पा अंगणात जोडत होते. शेवटी पत्रा चढला, धुराडं चढलं, फरशी बसली, आणि शेजारची म्हातारी ओरडली, "आगं बाई, तोंड दक्षिणेकडं करून भाकऱ्या थापायच्या का?" आता हे एवढं लोखंड मोडणार कोण? अप्पा भांडले नाहीत. पाना काढला, होतं नव्हतं ते सगळं उतरवलं आणि चूल फिरवून पुन्हा उभी केली. म्हातारीला म्हणाले, "मातीची फिरली असती का? ही फिरती."

इथवर ठीक होतं. पण त्या दुपारी अप्पा स्वतः पाटावर बसले, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं आणि भरल्या घरातला कर्ता पुरुष, गावातला दुकानदार, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या देखत भाकरी थापू लागला. मी पायरीवर बसले ती बसलेच. पहिली भाकरी तव्यावर जाईपर्यंत गावात बातमी पसरली होती. एका घरात दोन चुली म्हणजे दोन घरं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मन्मथअप्पांनी वाटणी केली! त्यांचा भाऊ शेतातून अनवाणी पळत आला. "अप्पा, माझं काय चुकलं?" म्हणून अंगणातच रडायला लागला. गिरिजाबाई दाराआड हुंदके देत होती. ती अप्पांशी बोलायची नाही, म्हणून माझ्याशी बोलली.

"बाई, त्यायला इचारा, माझ्या हाताला काय घाण लागली का?"

अप्पांनी मान वर केली नाही. तेही माझ्याशीच बोलले. "बाई, तिला सांगा, वाटणी-बिटणी काय न्हाई. माझ्या नंदाची माय आतल्या चुलीम्होरं खोकून खोकून गेली. जिती होती तवर म्हनायची, अंगणात चूल मांडून द्या, आत जीव घाबरा होतो. मी म्हनायचो, दिवाळी होऊ द्या. लय दिवाळ्या झाल्या. आता तिलाबी खोकला लागलाय, मला आयकू येतो. धूर कुटं जायलाय ते बघायला मी बसलो. धूर वर जायलाय. आता तिला म्हनावं, बाहीर ये."

त्या घरात इतके दिवस राहून मला अप्पांच्या बायकोचं नावसुद्धा माहीत नव्हतं, आणि गिरिजाबाईचा खोकला तर भिंतीपलीकडून मीही ऐकत होते. गिरिजाबाई पदर डोक्यावर ओढून बाहेर आली आणि तिनं परात आपल्याकडे ओढली. त्या दिवसापासून घराचा स्वयंपाक अंगणात होऊ लागला, आणि गाव त्याला पेटीतली चूल म्हणू लागलं.

नंदा ही अप्पांची एकुलती एक मुलगी. तिला राणीसावरगावला दिली होती. घर खाऊनपिऊन सुखी, शेतीवाडी चांगली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती पण मूल नव्हतं. आणि मूल नव्हतं म्हणून अप्पांना तिच्या घरचं पाणी चालत नव्हतं. लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. बाकीचे लोक चहाला हरकत नाही वगैरे म्हणून पळवाट काढायचे. अप्पा नाही. परभणी, गंगाखेड करत, गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून ते लेकीच्या दारात पोचायचे ते पाण्याचा तांब्या घेऊन. तासभर बसायचे. तांब्या संपला की उठायचे.

त्या दिवाळीला नंदाला माहेरी पाठवलं नाही म्हणून अप्पा आणायला गेले आणि एकटेच परत आले. माझ्या दारात येऊन उभे राहिले. हा माणूस कधी कुणाच्या दारात असा उभा राहायचा नाही.

"बाई, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायल्यात," ते म्हणाले.

मला नीट समजलं नाही.

"हात काड्यावानी झालेत. मी म्हनलं, काय होतंय? ती म्हनती, मी बरी हाय. सासू तोंडावर म्हनली, पोराला दुसरी बघायलोत, नंदानं सोयरिकीला म्होरं बसून हो म्हनलं की झालं. म्हनलं, मी घेऊन जातो लेकीला. तर म्हनती, न्या की, परत आणू नका. नंदा उठंना. तासाभरात काय कळतं बाई? मला तहान लागती अन् मी उठतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती लोखंडाच्या आवाजानं. अप्पा पेटीतली चूल सोडत होते. धुराडं खाली, पत्रे खाली, खांब एकावर एक रचलेले. मला खरंच वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. ते म्हणाले, "शाळेला सुट्टी हाय ना? चला. लेकीशी बोलायला बाईमाणूस लागतं." मी का हो म्हटलं हे मला अजून कळलेलं नाही. टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मध्ये मी, कडेला अप्पा. मांडीवर बोल्टांची पिशवी, पायांत पाण्याचा तांब्या.

टेम्पो व्याह्यांच्या दारात थांबला. विहीणबाई बाहेर आल्या. अंगानं भरलेल्या, डोळ्यांत काजळ, इरकली लुगडं. अंगणात लोखंड उतरू लागलं तशा त्या हरखल्या. दिवाळीचा आहेर! जावयाच्या घरी एवढा मोठा आहेर कुणी आणला होता? त्यांनी आवाज देऊन शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या. खांब उभा राहिला की त्या हळद-कुंकू लावत. चूल बसल्यावर तिची तर साग्रसंगीत पूजा केली, नारळ फोडला, खोबरं वाटलं. अप्पा मान खाली घालून बोल्ट आवळत होते. मी घाबरून कोपऱ्यात उभी. नंदा आतल्या दारात होती. तिला मी तिच्या लग्नाच्या फोटोत पाहिलं होतं. तीच ही, हे मला दुसऱ्यांदा बघावं लागलं.

शेवटचा बोल्ट आवळून अप्पांनी हात जोडले. "शरणार्थ, विहीणबाई. आहेर न्हाई हा. माझा मुक्काम हाय. लेकीपाशी ऱ्हावं वाटायलंय. पण दस्तूर तुमालाबी ठावं हाय, तुमच्या घरचं पाणी मला चालत न्हाई. म्हनून माझी चूल मी आणलीय."

विहीणबाईंच्या हातातलं कुंकवाचं ताट तसंच राहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. रीत अप्पांच्या बाजूची, बघायला गल्ली जमलेली, आणि चूल तर त्यांनी स्वतःच्या हातानं पुजलेली. पुजलेली चूल दाराबाहेर फेकणार कशी?

अप्पांनी जाळ केला. डाळ शिजायला टाकली, पीठ मळलं. दोन-चार भाकऱ्या झाल्यावर हाक मारली, "नंदे, ये जेवायला."

नंदानं सासूकडे बघितलं.

"तिच्याकडं कामून बघायलीस? तुझ्या मायसाठी आणलेली चूल हाय ही. हितं बसलीस का माहेरी बसलीस. माहेरी जेवायला इचारावं लागतं व्हय?"

ती आली. बसली. अप्पांनी ताटात भाकरी आणि वरण वाढलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आजही जड जातं. नंदा जेवायला लागली. माणूस तसं जेवत नाही. ती घास चावत नव्हती. भाकरी संपायच्या आत तिचा हात दुसरीकडे जात होता. मध्येच ठसका लागला तरी थांबली नाही. आधी बायका कुजबुजत होत्या, मग त्यांची कुजबुज बंद झाली. भिंतीपलीकडून बघणारी एक म्हातारी "माय, माय, माय" करत खाली बसली. अंगणात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत होता. अप्पा वर बघत नव्हते. थापत होते आणि वाढत होते, थापत होते आणि वाढत होते. या घरात धान्याची पोती थप्पीला लागलेली मला ओसरीवरून दिसत होती.

परातीतलं पीठ संपलं. नंदानं ताट पुसून घेतलं आणि हळूच विचारलं, "अप्पा, अजून हाय का?"

अप्पांचे दोन्ही हात पिठानं भरलेले होते. ते तसेच परातीत राहिले.

"घरात खायला कमी हाय का?" विहीणबाई बायकांकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या. "हिलाच अन्न जात न्हाई! हो की न्हाई गं?" नंदाचा नवरा उंबऱ्यात उभा होता, तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग बायका एक एक करून निघून गेल्या. वाटलेलं खोबरं कुणीतरी चुलीच्या फरशीवर परत ठेवून गेलं होतं.

सकाळी अप्पांनी पूजा केली, तांब्यातलं पाणी प्याले आणि लेकीला म्हणाले, "नंदे, मी तुला न्यायला आलेलो न्हाई. तू म्हनशील तवर हितं ऱ्हातो. तू सांग."

नंदानं खांबावरच्या हळदीकडे बघितलं. मग तिनं हात पुढे केला.

"पाना द्या."

बोल्ट तिनं सोडले. अप्पांनी नुसते खांब धरून ठेवले. एक नट हलेना, तेव्हा ते पुढे झाले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि दोन्ही हातांनी जोर लावून तो फिरवला. काड्यांसारख्या त्या हातांत एवढा जोर कुठून आला, देव जाणे. सासू आतून काहीबाही बोलत होती. टेम्पो निघेपर्यंत नंदानं एकदाही घराकडे मान वळवली नाही.

वालूरला आल्यावर गावानं नेहमीप्रमाणे आधी तोंडं वाकडी केली आणि मग विषय सोडून दिला. नंदा गिरिजाबाईच्या हातचं खाऊन माणसात आली. पुढच्या वर्षी एक दिवस ती अप्पांना म्हणाली, "ही चूल मला द्या. एसटीच्या थांब्यापाशी मांडते. डायवर, मास्तर, बाजारचे लोक जेवतील." मला वाटलं, आता मात्र अप्पा दस्तूर काढतील. लिंगायताच्या घरची, नवऱ्यानं सोडलेली पोर थांब्यावर भाकऱ्या विकणार! अप्पा म्हणाले, "मांड. चुलीचं तोंड बघून मांड, दक्षिणेकडं करू नको."

तिनं मांडली, मागे एक खोली घेतली, तिथंच राहायला गेली. खाणावळ चांगली चालली. मीही कितीदा तिथं जेवले. अप्पा रोज दुपारी तिथं जायचे, खांब हलवून बघायचे, सैल झालेले नट आवळायचे आणि कडप्प्याच्या टोकाला बसायचे. शेजारी स्वतःचा पाण्याचा तांब्या.

पहिल्यांदा तो तांब्या बघितला तेव्हा मी संतापले. "अप्पा, अहो तुमचीच चूल ती!"

"होती," ते म्हणाले. "आता तिची हाय. लेकीचं घर झालं बाई हे."

पण नंदा रोज पाण्याचा एक ग्लास भरून त्यांच्यासमोर ठेवायची आणि ते उठून गेल्यावर तो भरलेला ग्लास थांब्यावरच्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतायची. तिला मूल आता होणार नव्हतं. म्हणजे बाप तिच्या हातचं पाणी कधीच पिणार नव्हता. हे तिलाही कळत होतं, अप्पांनाही कळत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. एवढ्या दुष्ट घरातून लेकीला सोडवणारा माणूस एका ग्लासापाशी अडावा, याचा मला राग यायचा. एकदा मी तसं तोंडावर म्हटलं. अप्पांनी पाना खिशात टाकला आणि उठून गेले.

मग माझी परभणीला बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. मी एसटीत खिडकीशी बसले होते आणि ड्रायव्हर नंदाकडे जेवत होता, त्यामुळे गाडी उभी होती. अप्पा त्यांच्या जागेवर होते. खूप थकलेले दिसत होते. मी हाक मारणार होते, तेवढ्यात त्यांनी तांब्या उचलला. लिंबाच्या बुडाशी गेले, तांब्यातलं सगळं पाणी ओतलं आणि तांब्या फरशीवर पालथा घातला. नंदा पाठमोरी भाकरी थापत होती, तिला काही दिसलं नाही. ड्रायव्हर हात धुऊन गाडीत चढला. अप्पांनी समोरचा ग्लास घेतला, डोळे मिटले आणि एका दमात प्याले.

रिकाम्या ग्लासाचा फरशीवर आवाज झाला तशी नंदा वळली. तिच्या हातात थापलेली भाकरी तशीच होती. अप्पांनी ग्लास तिच्यापुढे धरला.

"नंदे," ते म्हणाले, "अजून हाय का?"